पाल्याचं मटण, खुराकाचं मटण

लातूर-नांदेडकडं रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास कानी येतो : ‘बोकड चरणारा होता, का दावणीचा?’

अमेरिकेत हाच वाद गाईच्या मांसावरून चालतो. तिथं अखेरचे काही महिने जनावराला मका चारतात. मांसात चरबीच्या रेषा उमटतात आणि तिथल्या जिभेला तेच रुचतं. आमच्या शेळीचं मात्र वेगळं आहे. ही उस्मानाबादी शेळी, बहुधा काळी, जुळी करडं देणारी. लातूर 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्या जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं. शेळीला कुणी विचारलं नाही, ती उस्मानाबादीच राहिली!

शेळीला गवतापेक्षा पाला प्यारा. बाभळीवर पुढचे दोन पाय टेकून ती शेंगा ओढते, बोरीची पानं काट्यांतून अलगद टिपते. अशा हिंडत्या जनावराचं मांस घट्ट असतं, शिजायला वेळ घेतं, पण रश्शाला चव देतं. दावणीला मक्याचा भरडा, सरकीची पेंड मिळाली की वजन लवकर भरतं, मांस मऊ राहतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या पिढीला तेच बरं वाटतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र शेळीची चरबी मांसात फारशी मुरत नाही. पोटात, गुर्द्याभोवती साठते. उग्र वासाचा ठपकाही उगीच पाल्यावर येतो. तो वास मुख्यतः वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाचा.

मी स्वतः पाल्याच्या बाजूचा. पण पाला आहे कुठं? सोयाबीन आलं, बांध कोरले गेले, बांधावरच्या बोरी-बाभळी तुटल्या. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला चारा फुकट मिळायचा, हीच तिची कमाई होती. पेंड विकत घेणं तिला झेपत नाही. बकरी ईदच्या बाजारातही गिऱ्हाईक अंगानं भरलेला बोकड हेरतं. दिवसभराची पायपीट काट्यावर दिसत नाही. मग ती करडं तीन-चार महिन्यांची असतानाच विकून टाकते. ती दुसऱ्याच्या दावणीला जातात, खुराकावर वजनदार होतात आणि ईदला चांगला भाव खातात.