अटक कधीच गुपचूप होत नसते



इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, जिथे कुठे बसून आपण हे ऐकत असाल, तिथे आपल्याला माझा रामराम. मी वकील नाही आणि पोलीसही नाही. माझी उमेदीची वर्षे फौजेत गेली. तरीही आज पोलिसांच्या अटकेच्या अधिकारावर बोलायचे ठरवले, कारण माझ्या वयाच्या माणसांची आयुष्यभराची पुंजी सध्या ‘अटक’ या एका शब्दाच्या धाकाने लुटली जात आहे.

प्रकार आपल्या कानावर आला असेल. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगतात. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेश, मागे अशोकस्तंभ, टेबलावर फायली. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कोणाला सांगायचे नाही. पडताळणीसाठी पैसे या सरकारी खात्यात जमा करा.’

27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितले की कायद्यात डिजिटल अटक नावाची काही व्यवस्थाच नाही. तरी हे थांबले नाही. हरियाणातील अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडले. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

शिकलीसवरलेली माणसे यात का सापडतात? माझ्या मते त्याचे कारण साधे आहे. खोटी नोट ओळखायला खरी नोट हातात धरलेली असावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी खरी अटक सिनेमातच पाहिली आहे. म्हणून आज खरी अटक कशी असते ते सांगतो. त्यातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: कायद्यातली अटक कधीच गुपचूप नसते. तिला साक्षीदार लागतो, कागद लागतो, नातेवाइकाला खबर द्यावी लागते आणि शेवटी न्यायाधीशापुढे उभे करावे लागते.

आधी थोडी जमीन तयार करू. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे खून, दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्यांत, पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे शेजाऱ्याने रागात एक थप्पड मारली किंवा कोणी बदनामी केली, तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. महाराष्ट्रात ‘एन.सी. घेतली’ म्हणतात ती हीच.

पण दखलपात्र गुन्हा नोंदवला म्हणजे अटक झालीच पाहिजे, असे मुळीच नाही. 1994 मध्ये जोगिंदर कुमार या तरुण वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटक करण्याला सबळ कारण असणे वेगळे. त्या निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा दाखला आहे: जवळजवळ 60 टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या. पुढे 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने 7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला लगाम घातला. अशा गुन्ह्यात अटक का हवी, याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवायची असतात. माणूस पळेल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदाराला धमकावेल, असे काहीतरी कारण लागते. अटकेची गरज नसेल, तर कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती भूमिका कायम ठेवली. नोटीस पाळून माणूस हजर राहत असेल, तर खास कारण नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही.

माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्यांसाठी त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. 3 वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी 60 वर्षांवरचा किंवा दुर्बल असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक होत नाही. नुसते साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल, तर 60 वर्षांवरच्या पुरुषाला किंवा कोणत्याही वयाच्या स्त्रीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

आता समजा, खरोखरच पोलीस दाराशी आले. तेव्हा चार प्रश्न विचारायचे. फौजेत आम्ही कोणतीही ऑर्डर अशीच तपासतो.

पहिला प्रश्न: कोण? अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट, ठळक दिसले पाहिजे. अटकेचा मेमो तिथेच तयार व्हावा लागतो. त्यावर घरातल्या एका माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही सही लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झालीच, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न: का? अटकेची कारणे सांगणे हा घटनेच्या अनुच्छेद 22 चा हुकूम आहे. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामिनावर सुटण्याचा हक्क आहे हेही पोलिसांनीच सांगायचे असते. मुंबईतल्या एका प्रकरणात 6 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणत्याही गुन्ह्यात ही कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. लगेच लिहून देणे शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान 2 तास आधी कागद हातात पडला पाहिजे.

‘समजणाऱ्या भाषेत’ हे शब्द महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी अधोरेखित करून ठेवावेत. चेन्नईत नोकरी करणाऱ्या, मराठी आणि हिंदीच जाणणाऱ्या मुलाच्या हातात तमिळ कागद ठेवला, तर तेवढ्याने कारण कळवले असे होत नाही. हे तत्त्व जुने आहे. 1962 च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या स्थानबद्धतेच्या खटल्यात माणसाला इंग्रजी येत नव्हते, आणि त्याने मागूनही हिंदी प्रत दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

तिसरा प्रश्न: कोणाला कळवले? नातेवाईक, मित्र किंवा आपण सांगू त्या व्यक्तीला पोलिसांनी खबर द्यायची असते. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येते, पूर्ण वेळ नसले तरी. अटक झालेल्यांची नावे आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असते. या बहुतेक तरतुदींचे मूळ एका पत्रात आहे. पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी ऑगस्ट 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या पाहून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. डिसेंबर 1996 मध्ये त्यावर निकाल आला, आणि त्यातली सूत्रे हळूहळू कायद्यात उतरली. आप्त दुसऱ्या जिल्ह्यात किंवा गावी असतील तर 8 ते 12 तासांत त्यांना कळवावे, हेही त्याच निकालात आहे. मुले परराज्यात आणि आईवडील गावी, अशा आपल्या घरांसाठी ते मोलाचे आहे.

चौथा प्रश्न: किती वाजता? हाताला घड्याळ असो नसो, अटकेची वेळ लक्षात ठेवा. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केलेच पाहिजे. त्याला त्या खटल्याचा अधिकार असो वा नसो. 24 तास उलटले आणि माणूस न्यायालयात पोहोचला नाही, तर घरच्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. वकील परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते. कोठडीतल्या माणसाला ती मोफत मिळण्याचा हक्क आहे.

काही जण म्हणतील, ‘साहेब, हे सगळे पुस्तकात. बंदूक हातात असली की कायदा कोण विचारतो?’ त्यांना फौजेचेच उदाहरण देतो. अशांत भागात लागू होणारा 1958 चा सशस्त्र दल विशेष अधिकार कायदा किती कडक आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याखाली फौजेला वॉरंटशिवाय पकडता येते. पण त्याच कायद्याचे पुढचेच कलम सांगते की पकडलेल्याला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करा, आणि कोणत्या परिस्थितीत पकडले त्याचा अहवालही द्या. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, तेव्हा काय करावे आणि काय करू नये याची लष्कराची यादीही बंधनकारक ठरवली. आमच्या स्वतःच्या जवानाला कोठडीत टाकले, तरी त्याच्यावरच्या आरोपाची चौकशी 48 तासांत सुरू होईल हे पाहणे लष्करी कायद्याने कमांडिंग ऑफिसरवर सोपवले आहे. बंदूकवाल्यालाही माणूस लपवून ठेवायची मुभा नाही.

मी पोलिसांच्या विरोधात बोलत नाही. ऊनपावसात, सणावारी रस्त्यावर उभे राहणाऱ्या शिपायाबद्दल मला आदर आहे. खऱ्या पोलिसाशी झटापट करू नका, पळू नका. गरजेपुरते बळ वापरण्याचा त्याला अधिकार आहे. शांतपणे चार प्रश्न विचारा. नियमाने चालणाऱ्या अधिकाऱ्याला या प्रश्नांचा राग यायचे कारण नाही, कारण उत्तरे त्याच्या कागदावर तयार असतात. ज्याला राग येतो, त्याच्याबाबतीत सावध राहायचे.

आणि आता त्या व्हिडिओ कॉलला हेच चार प्रश्न लावून पाहा. कोण? ठाऊक नाही. का? कागद नाही, असला तर बनावट. कोणाला कळवले? उलट, कोणालाही सांगू नका म्हणतात. न्यायाधीशापुढे कधी? कधीच नाही, आधी पैसे भरा. खरा कायदा चार माणसे गोळा करतो, ठग तुम्हाला एकटे पाडतो. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द आले की फोन ठेवा आणि पहिला फोन घरच्या माणसाला करा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या थोरल्यांना हे चार प्रश्न सांगा: कोण, का, कोणाला कळवले, किती वाजता. एका कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. आईवडील वेगळ्या गावी राहत असतील, तर फोन करून सांगा. त्याच फोनवर एवढेही सांगा, की काहीही झाले, कितीही वाजले असले, तरी आम्हाला फोन करायचा. आम्ही रागावणार नाही.