परतायचं की नाही, हे आधी वहिनींना विचारा



बुलडाण्याच्या या उन्हाळी व्याख्यानमालेत दरवर्षी काही पाहुणे चेहरे दिसतात. चिखली, मेहकर, खामगाव, देऊळगावराजा इथून शिकून बाहेर पडलेली, तीस-चाळीस वर्षं अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात काढून आता निवृत्त झालेली ही मंडळी. लग्नकार्याला येतात, शेगावला दर्शन घेतात आणि निघायच्या आदल्या रात्री घरच्यांपाशी विषय काढतात : आता कायमचं इकडे यावं का? आज मी त्यावरच बोलणार आहे आणि माझं मत आडवळणं न घेता सांगतो. हा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, पण दोघांतलं जे मागे एकटं उरणार, त्याच्या नजरेनं घ्यायचा. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको. ती वयानं नवऱ्यापेक्षा लहान असते, आणि बायकांना आयुष्यही जास्त असतं.

हा प्रश्न सगळ्यांनाच पडत नाही. आखातात गेलेल्या बहुतेकांची नोकरी संपली की तिथला राहण्याचा परवानाही संपतो. त्यांना परतावंच लागतं. प्रश्न पडतो तो ज्यांना दोन्ही दारं उघडी आहेत त्यांना. अमेरिकेनं १९६५ साली कायदा बदलून देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. त्या लाटेतली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. १९९० नंतर सॉफ्टवेअरच्या कामासाठी गेलेली साठीला टेकली आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या, १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळात एकेकाळी मुलांना मराठी कसं शिकवायचं याची काळजी असायची. आता त्याच मंडळाच्या ‘उत्तररंग’ उपक्रमात उतारवयाचा विचार होतो. पिढी म्हातारी झाली, तसे प्रश्न बदलले.

माझ्या ओळखीतलं एक जोडपं आहे. नावं सांगत नाही. भाऊ मेहकर तालुक्यातले, वहिनी अमरावतीच्या. लग्नानंतर दोन महिने सासरी राहून त्या विमानात बसल्या. तिकडे त्यांनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, गाडी शिकल्या, मुलगी वाढवली. निवृत्तीनंतर दोघं एका हिवाळ्यात गावच्या वाड्यात राहून बघायला आले. भाऊ पहिल्याच सकाळी रमले. ओसरीवर चहा, शाळेचे सोबती, हुरड्याची आमंत्रणं. वहिनी मात्र अडुसष्टाव्या वर्षी परत सूनबाई झाल्या. आल्यागेल्याचा चहा, नळ कोणत्या दिवशी येणार याचा हिशेब, डोक्यावरचा पदर.

एका दुपारी भाऊ झोपले असताना त्यांनी वही काढली आणि ‘हे नसले तर’ असं वर लिहून खाली यादी केली. बँकेचा ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर येतो. विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावानं आहे. सातबाऱ्यावर चुलत दिरांची नावं आहेत, माझं नाही. डॉक्टर ह्यांचा वर्गमित्र. मी त्यांच्याशी एकटी कधी बोललेले नाही. इथल्या रस्त्यावर मी गाडी चालवू शकत नाही. रात्री दार वाजलं तर कोणाला हाक मारायची, ते माहीत नाही. ती वही त्यांनी मला दाखवली. मला वाटतं, परतीचा विचार करणाऱ्या प्रत्येक घरात अशी एक वही हवी, आणि ती बाईनं लिहिलेली हवी.

‘घरी परत यायचं’ असं आपण सहज बोलतो. पण ते घर नवऱ्याचं असतं. तिचं माहेर दुसऱ्या गावात होतं, आणि तिथे आता आईवडील नाहीत, भाऊ-भावजयीचा संसार आहे. मलकापूर-मोताळ्याकडे, खानदेशाला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात, आखाजीला लेकी माहेरी येतात. सत्तरीच्या बाईला आखाजीला कोण बोलावणार? या जिल्ह्याची सर्वांत थोर लेक सिंदखेडराजाला जन्मली आणि १६७४ साली रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला तिनं देह ठेवला. परकी जागा आपली करायची, हे आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. वहिनींनी ते एकदा परदेशात करून दाखवलं. म्हातारपणी तेच पुन्हा करा असं सांगताना निदान त्यांना विचारावं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

आता पैशाकडे वळू. इथेही तोच निकष लावा : मागे उरणाऱ्याचं काय?

अमेरिकेची सोशल सिक्युरिटी पेन्शन तिथल्या नागरिकाला भारतातही मिळते. पण दोघांना मिळत असेल, तर एक जण गेल्यावर दोन्ही पेन्शनी चालू राहत नाहीत. दोहोंतली मोठी तेवढी उरते. म्हणजे खर्च अर्धा होत नाही, उत्पन्न मात्र एकदम घटतं. इंग्लंडची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण तिथल्यासारखी दरवर्षी वाढत नाही. इकडे आलात त्या आकड्यावर ती गोठते. पंच्याऐंशीव्या वर्षी एकट्या बाईच्या हातात वीस वर्षांपूर्वीचेच पौंड पडणार. कॅनडाची वृद्धापकाळ पेन्शन देशाबाहेर कायम मिळायची, तर अठराव्या वर्षानंतर तिथे वीस वर्षं राहिलेलं असावं लागतं. नोकरी न केलेल्या, उशिरा गेलेल्या बायकोची ती वर्षं भरली आहेत का, हे कोणी मोजलेलं असतं का?

औषधपाण्याचं याहून अवघड आहे. अमेरिकेतलं मेडिकेअर भारतात चालत नाही. हप्ता वाचवायला त्यातला ‘पार्ट बी’ सोडून इकडे आलात आणि पुढे एकटीला लेकीकडे परत जावं लागलं, तर सोडलेल्या दर पूर्ण वर्षामागे दहा टक्के जादा हप्ता, तोही बहुधा जन्मभर. नवऱ्यानं नागरिकत्व घेतलेलं आणि बायको ग्रीन कार्डावरच, अशी जोडपी असतात. तिनं वर्षभर बाहेर राहिल्यावर ते कार्डच धोक्यात येतं. ती कागदपत्रं आधी नीट करा, मग तिकीट काढा. इकडच्या आरोग्यविम्याला २०२४च्या एप्रिलपासून वयाची वरची अट राहिलेली नाही, पण जुन्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते.

जमिनीबद्दल आपल्या शेतकरी जिल्ह्यात मुद्दाम सांगायला हवं. दुहेरी नागरिकत्व भारतात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं इथे हवं तितकं राहता येतं, मत देता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारशानं येऊ शकते. त्या कार्डाच्या जोरावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. तेव्हा निवृत्तीच्या पैशांतून गावाकडे पाच एकर घेऊ आणि संत्री लावू, हे स्वप्न पाहणाऱ्यानं आधी वकील गाठावा. आणि जी शेती आहे, तिचे वाटे-हिस्से भावाभावांत हयातीतच करून घ्यावेत. परदेशातून आलेल्या एकट्या विधवेनं तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घालावेत, अशी वेळ आपल्या घरावर आणू नका.

आपला जिल्हा म्हातारपणाला कसा आहे? मी याच मातीतला आहे, म्हणून खरं तेच सांगेन. बुलडाण्याची हवा चांगली आहे. इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून गेल्यानं छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर जवळ आलं. पण घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोदकडे खारपाणपट्टा आहे. तिथल्या खाऱ्या पाण्यानं आणि मूत्रपिंडाच्या विकारानं गावंच्या गावं त्रासली आहेत. पक्षाघाताच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. संग्रामपूरच्या खेड्यातून अकोला गाठेपर्यंत त्यातले किती उरतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको. आणि लेक न्यू जर्सीहून निघाली, तर मुंबई, मग रात्रीची रेल्वे, पहाटे मलकापूर, पुढे राजूर घाट. या सगळ्याला दीड-दोन दिवस जातात.

म्हणून कोणी बुलडाण्याऐवजी पुण्यात ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेतलं, तर मी त्याला गाव विसरला म्हणणार नाही. दवाखाना जवळ, बोलायला समवयस्क बायका, नवरा गेल्यावरही तिची तिची ओळख. एकट्या बाईला वाड्यापेक्षा ते बरं.

परतलेल्यांची उदाहरणं देताना डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं नाव हमखास निघतं. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून ते परतले, १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली. पण ते ऐन उमेदीत आले आणि दोघंही डॉक्टर होते. दोघांनाही इथे काम होतं. निवृत्त जोडप्यानं त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच : एकाला काम आणि दुसऱ्याला सोबत, अशी वाटणी नको. दुसरं उदाहरण कॅलगरी विद्यापीठातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी घरात झुंजताना त्यांनी १९९७ साली पुण्यात त्या आजारासाठी संस्था उभी केली, ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच होते. कॅलगरीचं घर त्यांनी मोडलं नाही. मायदेशाचं देणं फेडायला तिकडचं बिऱ्हाड उचलावंच लागतं असं नाही, हे त्यांनी दाखवलं.

मेहकरच्या त्या भाऊंनी अखेर तिकडचं घर ठेवलं. थंडीचे महिने इथे, बाकी लेकीजवळ. बँकेत आता वहिनींचं स्वतःचं खातं आहे, स्वतःचा मोबाईल क्रमांक आहे. भाऊंना हुरहूर आहेच, ती जाणार नाही. तरी मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो.

इथे बसलेल्या भावांना, दिरांना, पुतण्यांना माझी विनंती आहे. फोनवर ‘दादा, आता या परत’ म्हणण्याआधी फोन वहिनींकडे द्यायला सांगा. त्यांचं ऐकून घ्या. त्या येणार असतील तर विजेचं बिल, सातबारा, गॅसचं पुस्तक आत्तापासून सरळ करायला घ्या. आणि पाहुणे म्हणून आलेल्या तुम्हा जोडप्यांना सांगणं असं : दिवाळीतले पंधरा दिवस पाहून ठरवू नका. तिकडचं घर विकण्याआधी भाड्याचं घर घेऊन मे महिन्याच्या उन्हासकट अख्खं वर्ष इथे काढा, आणि त्यातला एक महिना तरी भाऊंनी बाहेरगावी राहून वहिनींना इथे एकट्यानं राहू द्या. महिना संपल्यावर त्या काय म्हणतात, त्याप्रमाणे करा.