सहीमागचा हात



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या नावे बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानात थोरामोठ्यांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे. मी संगणक-सुरक्षेच्या कामात आयुष्य घालवलेला मनुष्य. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो थोरांच्या पंक्तीत कधी बसत नाही. तो आहे लोकप्रतिनिधीच्या कचेरीतला सहायक, आणि प्रसंग आहे त्याच्या निरोपाचा.

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एक हृद्य प्रथा आहे. जुना सहायक नोकरी सोडून निघाला, की कित्येकदा त्याचा सभासद सभागृहाच्या अधिकृत वृत्तांतात कृतज्ञतेचे चार शब्द नोंदवतो. ज्या पानांवर युद्धाचे ठराव आणि अंदाजपत्रके छापली जातात, तेथेच एका पडद्यामागच्या माणसाचे नाव उमटते. अशा निरोपांत आता सायबर सुरक्षेचे जाणकारही आढळतात. हा गौरव त्यांना का मिळावा, हे त्यांच्या कामावरूनच पाहू.

शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. पत्र कोणाचे हे मुद्रा सांगे. त्याखाली कोणी आगंतुक ओळ घुसवू नये, याची काळजी मोर्तब घेई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपल्या बोलण्यात तेथूनच रुळला. ई-मेलला मात्र जन्मतः असा शिक्का नव्हता. पाठविणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव घालावे आणि सरकारच्या नावाने नागरिकांना फसवावे, इतके ते सोपे होते. यावर ‘डीमार्क’ नावाची तोड निघाली. पत्र खरोखर त्या कचेरीतूनच आले काय, हे पाहावे आणि नसेल तर परत फिरवावे, अशी ती व्यवस्था. जुलै 2017 मध्ये ओरेगनचे सिनेटर रॉन वायडेन यांनी अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याला पत्र लिहून ही व्यवस्था सर्व सरकारी कचेऱ्यांत सक्तीची करण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबरमध्ये खात्याने तसा आदेश काढला आणि पूर्ण अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली. अशा पत्रावर सही सभासदाची असते. परंतु कोणता दोष निवडावा, कोणत्या खात्याला कोणत्या अधिकारात विचारावे आणि कोणत्या शब्दांत, हे ठरविताना सभासदाला जाणत्या सहायकाचाच आधार असतो.

दुसरे उदाहरण ऱ्होड आयलंडचे जेम्स लँजेविन यांचे. 2001 ते 2023 च्या प्रारंभापर्यंत ते प्रतिनिधिगृहात होते. 2008 मध्ये मायकेल मॅकॉल या विरोधी पक्षाच्या सभासदासह त्यांनी सायबर सुरक्षेचा अभ्यासगट स्थापिला. पुढे ‘सायबरस्पेस सोलॅरियम’ आयोगाचे ते सदस्य झाले. मार्च 2020 मध्ये आयोगाने 80 हून अधिक शिफारशी केल्या. अहवाल धूळ खात पडणे ही सर्व देशांची रीत. पण या आयोगाने शिफारशींसोबत विधेयकांचे मसुदेही तयार केले. म्हणून राष्ट्रीय सायबर संचालकाचे पद निर्माण करणारी तरतूद 1 जानेवारी 2021 रोजी, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार ओलांडून, संरक्षणविषयक कायद्यात समाविष्ट झाली. मसुदे लिहिणारे हात वृत्तपत्रांत दिसले नाहीत. मसुदे मात्र कायदा झाले.

जेथे असे हात नसतात, तेथे काय होते? त्याच काँग्रेसने 1972 मध्ये तंत्रज्ञानाच्या परिणामांचा अभ्यास करणारे स्वतःचे कार्यालय स्थापिले होते आणि 1995 मध्ये खर्चकपातीच्या भरात ते बंद केले. इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले, नेमक्या त्याच वेळी कायदेमंडळाने आपला डोळा मिटला! आपल्याकडे डिसेंबर 2008 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती लोकसभेत चर्चेविना संमत झाली. तिच्यातील 66-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये घटनाबाह्य ठरविले. तोवर नुसत्या लिखाणासाठी माणसांना अटक झाली होती. एका संदिग्ध शब्दाची किंमत सामान्य नागरिक कशी मोजतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

येथे एक शंका रास्त आहे. सहायकाला कोणी निवडून दिलेले नसते. मग राज्यकारभारात त्याच्या हाताला इतके वजन का असावे? माझे उत्तर असे की, जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते आणि राहिली पाहिजे. म्हणूनच ‘आपण सही करा, बाकी मी पाहतो’ म्हणणारा जाणकार धोक्याचा. उत्तम सहायक आपल्या धन्याला विषय इतका समजावून देतो, की धनी त्यालाच ‘नाही’ म्हणू शकेल. गुरुजींच्या वर्गातही उत्तम विद्यार्थी तोच ठरे, जो फळ्यावरच्या रीतीचे कारण विचारी.

निरोपाच्या भाषणात आणखी एक गोष्ट बहुधा अनुच्चारित राहते. असा माणूस शासनाच्या दुसऱ्या खात्यात जातो किंवा दुप्पट पगारावर खाजगी कंपनीत. त्यात वावगे काही नाही. परंतु कोणते कलम का लिहिले, कोणता शब्द का गाळला, ही आठवण त्याच्याबरोबर निघून जाते. तेव्हा त्याचा खरा सत्कार शालीने होत नाही. त्याची टिपणे नीट लावून ठेवावीत आणि तो असतानाच त्याच्या हाताखाली दुसरा तयार करावा, यात तो सत्कार आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. आपणांपैकी अनेक जण संगणकाच्या क्षेत्रात नाव कमावून आहेत. आपल्या भागातील आमदार-खासदारांकडे आपण रस्ते आणि दाखले मागायला जातो. एकदा आपली विद्या घेऊनही जावे. एखादे विधेयक वाचून त्यातील अडचण दोन पानांत, सोप्या मराठीत लिहून द्यावी. तिच्यावर आपले नाव नसेल. पण कायद्यातला एखादा शब्द नेमका झाला, तर ज्याला आपण कधी भेटणार नाही, असा कोणीतरी त्यामुळे सुखाने झोपेल.