फ्रान्समधील रशियन ब्रिगेड
पहिल्या महायुद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यांत फ्रान्सला माणसें पुरत नव्हतीं आणि रशियाला बंदुका पुरत नव्हत्या. डिसेंबर १९१५ मध्यें फ्रेंच सिनेटर पॉल दुमेर रशियांत गेले व या दोन उणिवांची सांगड घातली गेली. जनरल लोख्वित्स्की यांच्या हाताखालील पहिली विशेष पायदळ ब्रिगेड हें त्या सौद्याचें पहिलें फळ होय.

युरोपांतील सरळ मार्ग शत्रूनें अडविला होता. म्हणून ही ब्रिगेड आगगाडीनें सैबेरिया ओलांडून पूर्वेच्या समुद्रावर गेली आणि तेथून जहाजांनीं हिंदी महासागर व सुवेझ कालवा पार करून एप्रिल १९१६ मध्यें मार्सेय बंदरांत उतरली. नगरजनांनीं तिचें मोठ्या उत्साहानें स्वागत केलें.

मार्च १९१७ मध्यें झारचें सिंहासन कोसळलें. पलटणींत सैनिकांच्या समित्या स्थापन झाल्या. तरीहि १६ एप्रिल रोजीं ही ब्रिगेड शत्रूवर तुटून पडली व तिनें रेंसजवळील कुर्सी हें गांव जिंकून घेतलें. पण मोहीम फसली आणि प्राणहानि भयंकर झाली. तेव्हां सैनिकांनीं एकच हट्ट धरला : मायदेशीं पाठवा. बहुतेक जण लोख्वित्स्कींची आज्ञा ऐकेनात. अखेर सप्टेंबरांत ला कुर्तीनच्या छावणीवर तोफा डागल्या गेल्या, आणि त्या डागणारे हातहि रशियनच होते!

या सैनिकांत शौर्याची वाण नव्हती, याला कुर्सी साक्ष आहे. परंतु ज्याच्या नांवानें शपथ घेतली तो राजाच उरला नाहीं, तेव्हां सेनापतीची आज्ञा कोणाच्या बळावर उभी राहणार? बंदुकांच्या मोबदल्यांत माणसें देतां येतात. त्यांची निष्ठा देतां येत नाहीं.