वाहिनीची दोन टोके आणि कॅरिअर

उच्चदाब वीजवाहिनीवर दोष उद्भवला की दोन्ही टोकांचे ब्रेकर उघडावे लागतात, आणि तेही जवळजवळ एकाच वेळी. तारापूरचे अणुवीज केंद्र, डहाणूचे औष्णिक केंद्र आणि बोईसरची उपकेंद्रे यांच्यामुळे वाणगावच्या आसपास अशा वाहिन्या बऱ्याच आहेत. त्यात समुद्र जवळ. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, दमट पहाटे तो ओलावतो आणि वीज त्यावरून मनोऱ्यात उतरते.

ब्रेकरला उघडण्याचा आदेश, म्हणजे ट्रिप, देणारा डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोषाचे अंतर ओळखतो. मोजमापात थोडी चूक राहतेच, म्हणून तत्काळ ट्रिप देणारा झोन-१ वाहिनीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच ठेवतात. वाहिनी ५० किलोमीटरची असेल तर ४० किलोमीटरपलीकडचा दोष झोन-२ कडे जातो, आणि झोन-२ सुमारे ३५० मिलिसेकंद थांबतो. दोष दूर करण्याची ग्रिड संहितेची मर्यादा मात्र २२० केव्हीला १६० आणि ४०० केव्हीला १०० मिलिसेकंद आहे.

हाच दोष समोरच्या टोकाला जवळ असतो. तिथला झोन-१ ट्रिप देतानाच कॅरिअर संकेत पाठवतो. संकेत वीजतारेवरूनच, ४० ते ५०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात धावतो. वाहिनीच्या तोंडाशी बसवलेले वेव्ह ट्रॅपचे जाड वेटोळे त्याला उपकेंद्रात शिरू देत नाही. अलीकडे भूतारेतल्या ऑप्टिकल फायबरचाही वापर होतो. संकेत आला आणि इथल्या झोन-२ लाही दोष दिसला, तरच रिले न थांबता ट्रिप देतो. ही दुहेरी अट सैल करू नये, कारण गोंगाटातून खोटा संकेत येऊ शकतो.

आखूड वाहिनीवर झोन-१ भरवशाचा नसतो. तिथे दोन्हीकडच्या झोन-२ नेच संकेत पाठवणे बरे. पण समांतर वाहिन्या असतील तर एकीचा ब्रेकर उघडताच दुसरीतला प्रवाह उलटतो आणि निरोगी वाहिनी नाहक पडते. त्यासाठी रिलेला थोडा काळ रोखून धरणारे सेटिंग लागते. एखाद्या टोकाला वीजस्रोत क्षीण असेल तर तिथला रिले उठतच नाही; अशा वेळी आलेला संकेत परत पाठवण्याची सोय करावी लागते.

या पट्ट्यात वाहिनीचे एक टोक एका संस्थेकडे आणि दुसरे दुसरीकडे असू शकते. म्हणून एका बाजूचे सेटिंग बदलले की समोर लेखी कळवावे आणि दोन्ही टोकांची चाचणी जीपीएसच्या वेळेशी जुळवून एकत्रच घ्यावी.