आलेख काढणारे गणकयंत्र आणि त्याची खटपट करणारे हौशी
(भिसेगाव, ता. कर्जत येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात, हे दृश्य भिसेगावच्या मुलांच्या नित्य परिचयाचे आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचा सर्वांत कठीण चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले असता एक फूट वर, असा आहे. हा चढ पाटीवर काढून दाखवा असे मुलांना सांगितले, तर बहुतेक मुले जिन्यासारखी उभी रेघ ओढतील. प्रत्यक्षात हा कोन दीड अंशाहून किंचित अधिक भरतो. एवढ्याशा कोनासाठी इंजिने जोडावी लागतात, यावर मुलांचा सहजी विश्वास बसत नाही.

हाच चढ काढण्यास आलेख काढणाऱ्या गणकयंत्राला सांगितले, तर ते काय करील? असे पहिले यंत्र कॅसिओ कंपनीने १९८५ साली बाजारात आणले. त्याचा पडदा ९६ ठिपके रुंद व ६४ ठिपके उंच होता आणि आज्ञावली साठविण्यास केवळ ४२२ बाइट एवढी जागा होती. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९९० साली काढलेल्या यंत्राचा पडदाही तेवढाच होता. क्षला सदतिसाने भागून येणारी रेषा त्या पडद्यावर उभ्या-आडव्या सारख्याच प्रमाणात काढली, तर ९६ ठिपक्यांच्या रुंदीत ती तीन ठिपकेही पुरती चढत नाही. दिसते ती जमिनीला चिकटलेली, मध्येच अडखळणारी रेघ. नवखा माणूस म्हणतो, यंत्र बिघडले. हौशी माणूस तेथे थांबून पाहतो, आणि आजचा विषय त्या थांबण्याचाच आहे.

ही यंत्रे आपल्या प्राथमिक शाळांत नाहीत. दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर तर गणकयंत्र वापरू नये अशी स्पष्ट सूचना छापलेली असते. तेव्हा या विषयाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु साधा कॅल्क्युलेटर दुकानादुकानांत आहे, शास्त्रीय कॅल्क्युलेटर तंत्रशिक्षण घेणाऱ्या थोरल्या भावंडांच्या दप्तरात आहे, आणि आलेख काढणारे जिओजेब्रासारखे साधन आता भ्रमणध्वनीवर विनामूल्य मिळते. यंत्र मुलाच्या हाती यावयाचे तेव्हा येतेच. ते आल्यावर मूल त्याच्यापुढे हात जोडते की त्याला प्रश्न विचारते, याची सवय मात्र प्राथमिक शाळेत लागते.

गणकयंत्राची खटपट करणाऱ्यांचा पहिला धडा असा, की ज्याला बिघाड म्हणतात तो पुष्कळदा बिघाड नसतोच. तीस अंशांची ज्या अर्धा असते, हे पुस्तकात असते. यंत्राला विचारावे तर ते उणे ०.९८८ असे उत्तर देते. विद्यार्थी घाबरतो, यंत्र परत करण्यास दुकानात जातो. वास्तविक यंत्र कोन रेडियनमध्ये मोजावयास लावलेले असते; तीस रेडियनची ज्या खरोखरच तेवढी आहे. तेच यंत्र ग्रेडवर लावलेले असेल, तर ०.४५४ येईल. यंत्राने प्रत्येक वेळी विचारल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले. प्रश्नच भलता विचारला गेला होता. वर्गात सर्वच मुलांची उत्तरे चुकली म्हणजे फळ्यावरील प्रश्न पुन्हा वाचून पाहणारा शिक्षक हेच करीत असतो.

पडद्यावर वर्तुळ काढावे तर आडवे अंडे उमटते, हीदेखील अशीच तक्रार. उणे दहा ते दहा एवढाच पल्ला दोन्ही दिशांना दिला, तर आडव्या दिशेस एका एककाला जवळजवळ पाच ठिपके मिळतात, उभ्या दिशेस तीनच्या थोडे वर. वर्तुळ फुगणारच. स्पर्शज्येचा आलेख काढताना काही यंत्रे मध्येच एक उभी रेघ ओढतात. ती रेघ आलेखात नाही. यंत्र एकेक ठिपका काढून शेजारचे ठिपके जोडीत जाते. डावीकडचा ठिपका आकाशात आणि उजवीकडचा पाताळात असला तरी ते जोडतेच. हे कळलेला विद्यार्थी जोडणी बंद करून सुटे ठिपके काढावयास सांगतो, आणि खोटी रेघ नाहीशी होते.

खरे बिघाड थोडे, आणि बहुतेक घरगुती उपायांनी बरे होणारे. त्यांतील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरून राहिलेला सेल. तो पाझरतो, पितळी पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर चढतो, आणि वीज पुढे जाईनाशी होते. अल्कलाईन सेलमधील द्रव्य क्षारधर्मी असल्यामुळे व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा किंचित ओला बोळा फिरविला की थर सुटतो. मग स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावयाचे. (हे काम शिक्षकाने करावे, तो थर मुलांच्या बोटांना लागू देऊ नये.) किरकोळ काळपटपणा खोडरबरानेही जातो. बटण दाबले जात असून अंक उमटत नसेल, तर रबरी बटणाखालील काळी टिकली आणि तिच्या समोरची पट्टी यांत धूळ बसलेली असते. पडद्याच्या काही ओळी गायब झाल्या असतील, तर पडद्याला जोडणारी रबरी किंवा फितीसारखी पट्टी सैल झालेली असते. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात वह्यांची पानेसुद्धा लिबलिबीत होतात. तेथे यंत्राचे पोट कोरडे राहील ही अपेक्षा व्यर्थ आहे. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी शाळेतील घड्याळे, कॅल्क्युलेटर, विज्ञानपेटीतील विजेऱ्या या सर्वांतील सेल काढून ठेवण्याची शिस्त शाळेने लावून घेतली, तर जूनमध्ये निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

आता थोडे हौशी मंडळींच्या इतिहासाकडे वळू. कारण त्यात एक वाद आहे आणि तो शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९९२ च्या एका यंत्राला संगणकाशी जोडणारी तार होती. तिच्यातून यंत्राच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल काढता येई व परत भरता येई. काही हौशींनी ती नक्कल संगणकावर बारकाईने तपासली, तिच्यातील नेमका एक भाग बदलला आणि ती यंत्रात परत भरली. त्यामुळे १९९४ साली त्या यंत्रावर, उत्पादकाने ज्याची सोयच ठेवली नव्हती, त्या थेट यंत्रभाषेतील आज्ञावल्या चालू लागल्या. अर्थात त्यांतील बऱ्याच खेळांच्या होत्या. परंतु खेळ लिहिताना अपूर्णांक, निर्देशांक, द्विमान व षोडशमान पद्धती यांचा जो अभ्यास होत होता, तो कोणी सक्तीने करवून घेतला नसता. चूक झाली की यंत्र गोठे. मग सेल काढून सर्व स्मृती पुसावी लागे, आणि आठवड्याचे काम जाई. पुन्हा पहिल्यापासून लिहिण्याचे बळ त्यांना कोठून येई, याचा विचार गृहपाठ देणाऱ्यांनी अवश्य करावा.

पुढे उत्पादकांनी यंत्रांना कुलूप घातले. ते कुलूप सुमारे दीडशे अंकी एका संख्येचे होते. तिचे दोन मूळ अवयव ज्याला सापडतील त्याला किल्ली मिळणार. मूळ अवयव पाडणे आपण प्राथमिक वर्गातच शिकवतो, आणि याचा उपयोग काय असे मुले विचारतात. २००९ साली एका हौशीने घरच्या संगणकावर दोन महिन्यांहून अधिक काळ आकडेमोड चालवून ते अवयव शोधून काढले. कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठविल्या; नागरी हक्कांसाठी झटणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था हौशींच्या बाजूने उभी राहिली. २०२० साली तर कंपनीने आपल्या काही नव्या यंत्रांवर यंत्रभाषेची सोयच बंद केली. कारण दिले परीक्षेचे. यंत्र परीक्षेच्या अवस्थेत आहे असे भासवून आत टिपणे लपविता येतात, अशी भीती होती.

ही भीती निराधार नाही. परीक्षा घेणाऱ्याची अडचण खरी आहे, आणि कॉपीला कौशल्य म्हणून गौरविणे हा शुद्ध अविचार होय. तथापि चार मुले कॉपी करतील म्हणून हजारोंच्या हातातील यंत्र मुके करणे, हेही शिक्षणाचे लक्षण नव्हे. परीक्षेच्या तीन तासांसाठी यंत्र बाजूला ठेवता येते. भारतात अभियंत्यांच्या गेट परीक्षेत २०१६ पासून परीक्षार्थ्याला स्वतःचे यंत्र न आणता पडद्यावरच गणकयंत्र पुरविले जाते, हा एक समजूतदार मार्ग आहे. वर्षाचे उरलेले दिवस मात्र विद्यार्थ्याचे राहिले पाहिजेत.

महाराष्ट्रात या वृत्तीचा थोर नमुना शोधावयास लांब जावे लागत नाही. आणि त्याच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात वेळांत ६१७४ येते, हा त्यांचा १९४९ मधील शोध होय. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या लेखातून कापरेकरांची ओळख करून दिली, तेव्हा जगाचे लक्ष या निवृत्त शिक्षकाकडे वळले.

ही क्रिया यंत्रावर बसविणे हा नवशिक्या हौशींचा आवडता पाठ आहे, आणि तेथे एक खड्डा ठरलेला असतो. १११२ ही संख्या घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. यंत्र डावीकडचे शून्य ठेवीत नाही. ते ही संख्या तीन अंकी समजते, ९९९ मधून ९९९ वजा करते आणि शून्य हे उत्तर देऊन मोकळे होते. कापरेकरांचा नियम खोटा ठरला काय? मुळीच नाही. ०९९९ असे मानले तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, पुढे ८५३२ आणि शेवटी ६१७४. डावीकडच्या शून्याला किंमत नाही हे आपण पहिली-दुसरीत पढवितो. येथे त्या शून्याला किंमत नसली तरी जागा आहे, आणि जागा सोडली की सारा हिशेब कोसळतो. कागदावर हे एकदा हाताने केलेल्या मुलाला यंत्राची चूक क्षणात दिसते; न केलेल्याला ती दिसणे कठीण. म्हणून पावकी-दिडकीचे पाढे गेले याची हळहळ करीत बसण्यापेक्षा, बटण दाबण्यापूर्वी उत्तर अदमासे किती येईल ते मुलाने बोलून दाखवावे, एवढा एक नियम वर्गात पाळला तरी पुष्कळ साधेल.

यंत्र नसलेल्या शाळेनेही बोरघाटाचा चढ काढता येईल. पटांगणात एक हात उंचीची काठी रोवावी, तिच्या बुंध्यापासून सदतीस हातांवर खुंटी मारावी आणि खुंटीच्या पायापासून काठीच्या शेंड्यापर्यंत दोरी ताणावी. मुलांनी खुंटीशी पालथे पडून दोरीच्या रेषेत पाहावे. मग वर्गात येऊन चौकटीच्या कागदावर तीच रेषा यंत्राप्रमाणे काढावी: ९६ चौकटी रुंद, आणि रेषा ज्या चौकटीच्या सर्वांत जवळ असेल तेवढीच काळी करावयाची. रेघ सपाट जाईल, एक चौकट वर उडी घेईल, पुन्हा सपाट जाईल. जिला आपण मघाशी अडखळणे म्हटले तीच ही उडी. एका उडीपासून दुसऱ्या उडीपर्यंतच्या चौकटी मुलांना मोजावयास सांगाव्या. त्या सदतीस भरतात.