चित्रपटसंगीताचा रंगमंचीय पुनर्विचार



चित्रपटातील गाणी, पार्श्वसंगीत आणि त्यांना जोडलेले प्रसंग प्रत्यक्ष गायक-वादकांनी श्रोत्यांसमोर नव्याने उभे करणे, याला येथे चित्रपटसंगीताचा रंगमंचीय प्रयोग म्हटले आहे. अमरावती-अकोल्यात असे कार्यक्रम गणेशोत्सवाच्या मांडवापासून बंदिस्त सभागृहांपर्यंत होत असले, तरी त्यांच्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची सवय सुटलेली नाही, आणि ती सुटणे आवश्यक आहे.

चित्रपट आणि जिवंत वादन यांचे नाते बोलपटाहून जुने आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतरच्या मूकपटांच्या काळात पेटी-तबल्याचे वादक पडद्याजवळ बसून दृश्याच्या गतीप्रमाणे वाजवीत असत, १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने ध्वनी चित्रफितीवर आणला आणि १९३५ च्या ‘धूपछाँव’पासून हिंदीत पार्श्वगायनाची, म्हणजे पडद्यावर एकाने ओठ हलवायचे आणि गायचे दुसऱ्याने अशी, पद्धत रुळू लागली. त्यातच ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने गाण्याचा विस्तारही आखडला. रंगमंच हे बंधन सैल करू शकतो, आणि या प्रयोगांचे खरे कलामूल्य तेथेच आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वऱ्हाडच्या मातीशी जोडलेले आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९२० मध्ये जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांनी भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या १९३५ च्या चित्रपटात बालवयात कृष्णाची भूमिका केली, आणि पुढे १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीतातून खाँसाहेब आफताब हुसेन या गवयाची भूमिका अजरामर केली. २०१५ मध्ये याच नाटकाचा चित्रपट झाला, तेव्हा अभिषेकींच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या आणि खाँसाहेबांना आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. नाटकातून चित्रपटात गेलेली ही पदे आज मैफलीत पुन्हा गायली जातात. तेथे तान किती लांबवायची हे त्या संध्याकाळचा गायक ठरवतो, संकलक नव्हे.

अमरावतीचे सुरेश भट यांच्या गझलेचा प्रवासही असाच आहे. भट स्वतः आपली गझल तरन्नुममध्ये, म्हणजे तालवाद्याविना सुरावर, म्हणत. ‘उंबरठा’ (१९८२) या जब्बार पटेल यांच्या चित्रपटात तिला हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर लाभला. अशी गझल रंगमंचावर घेताना ध्वनिमुद्रिकेची बरहुकूम नक्कल करण्यापेक्षा कवीच्या तरन्नुमकडे परतून, वाद्ये कमी करून, शब्दाला जागा देणे अधिक न्याय्य ठरेल. नक्कल निर्दोष वठली तरी ती पुनर्निर्मिती होत नाही.

पुनर्निर्मितीची मोठ्या प्रमाणावरची उदाहरणेही आहेत. के. आसिफ यांच्या १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’वर फिरोज अब्बास खान यांनी २०१६ मध्ये मुंबईत जे संगीतनाट्य आणले, त्यात नटांनी रंगमंचावर प्रत्यक्ष गायन केले. पाश्चात्त्य देशांत तर मूळ संवाद व ध्वनिपरिणाम कायम ठेवून फक्त संगीत काढून टाकलेला चित्रपट पडद्यावर चालतो आणि संपूर्ण वाद्यवृंद ते संगीत दृश्याबरोबर वाजवतो. इतका खर्च जिल्ह्याच्या गावाला पेलणार नाही, हे खरे. पण कल्पकतेला खर्चाची अट नसते.

उलट जे स्वस्त म्हणून पसरले आहे ते कराओके, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेला आयता वाद्यमेळ, या कलेला मारक आहे, कारण त्यात गायकाला थांबता येत नाही, वादकाला रोजगार मिळत नाही आणि संगीत संयोजकाचे, म्हणजे कोणते वाद्य कोठे व किती वाजावे हे ठरवणाऱ्याचे, कामच उरत नाही. त्याऐवजी वऱ्हाडाजवळ स्वतःचे ध्वनी आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी अमरावती जिल्ह्यातील यावलीची. दंडार ही विदर्भाची लोकनाट्यपरंपरा. हे ध्वनी चित्रपटगीताच्या नव्या संयोजनात आले, तर वऱ्हाडचा प्रयोग मुंबई-पुण्याच्या प्रयोगाची प्रत राहणार नाही.

म्हणून अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात आणि अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात कार्यक्रम करणाऱ्या आयोजकांना या व्यासपीठावरून विनंती आहे, की त्यांनी प्रत्येक कार्यक्रमात निदान एक गीत स्थानिक वादकांकडून नव्याने बांधून घ्यावे, त्याची स्वरलिपी जपून ठेवावी आणि निवेदनात गायकाबरोबर कवी, संगीतकार व संयोजक यांची नावे आवर्जून घ्यावीत.